नकुसाच्या पाठची ल्युडमिला

युसूफ वडगावात ल्युडमिला हे नाव कुणाला धड घेता येत नाही. म्हाताऱ्या 'लुडमिली' म्हणतात, सरकारी माणसं 'उर्मिला' लिहून मोकळी होतात, आणि शाळेतल्या पोरांनी तर त्याचं कधीच 'लुडबुड' करून टाकलं होतं. बाईचं वय आता बावन्न. अंगणवाडीत मदतनीस. निम्म्या गावाची नाकं हिनं पुसलीत, तरी आजही एखादा मिशीवाला गडी मोटारसायकलवरून जाता जाता ओरडतोच, "काय लुडबुडमावशी!" तीही काही ऐकून घेणारी नाही. "चड्डी घालायला मी शिकवली रे तुला, गप जा," म्हणते.

पण मागल्या महिन्यात तालुक्याला तिचा सत्कार होता. माइकवरच्या माणसानं कागद बघितला, अडखळला, आणि म्हणाला, "लुड... लुडमुड... जाऊ द्या, बाई, तुम्हीच या वर!" सगळा हॉल खो खो हसला. आता काय बोलावं असल्या माणसाला! घरी येऊन तिनं शाल-नारळ कोनाड्यात टाकला आणि ठरवलं, बास. दुसऱ्याच दिवशी नाव बदलायचा अर्ज आणला. नवं नाव उर्मिला. फक्त सही राहिली होती.

खरं सांगायचं तर हसण्याचं तिला एवढं काही नव्हतं. दुखणं आतलं होतं. तिचा बाप धोंडीराम मेंढरं राखायचा आणि लाल बावट्याच्या मोर्च्याला जायचा. त्याला लागोपाठ चार पोरी झाल्या. तिसरीचं नाव ठेवलं नकुसा, म्हणजे देवा, आता पोरगी नको. तरी तिच्या पाठीवर ही आलीच. मग बापानं वैतागून असलं कुणाला न कळणारं नाव चिकटवलं, असं आजी सांगायची. "नकुसा बरं, त्याला अर्थ तरी हाय," असंही वर म्हणायची. धोंडीराम मुळात अबोल माणूस. त्याला विचारायचं राहून गेलं आणि तो गेलाही. आपण बापाला नकोच होतो, हे तिनं मनाशी धरून ठेवलं ते ठेवलंच.

पुढं नकुसा आणि ती, दोघी बहिणी एकाच घरात दिल्या, सख्ख्या जावा झाल्या. एक अंगण, दोन चुली. भांडणं झाली तरी संध्याकाळी कालवणाची वाटी इकडून तिकडं जायचीच.

रविवारी दुपारी ऋतुजाचा फोन आला. ही धाकट्या भावाची पोरगी, रशियात डॉक्टरकी शिकते. आत्या नाव बदलतेय हे तिला बापाकडून कळलं होतं. नकुसा गिरणीत दळण आणायला गेली होती, आणि लेकींकडं राहायला आलेली म्हातारी आई सुंदरबाई ओसरीवर लसूण सोलत बसली होती.

"आत्या, बदलू नको! आमच्या होस्टेलची वॉर्डन ल्युडमिला, लायब्ररीतली बाई ल्युडमिला, शिकवणाऱ्या मॅडमबी ल्युडमिला!"

"आन पोरं हसत न्हाईत?"

"हसतील कावून? आपल्याकडं सुंदरबाई असत्यात ना, तसं हाय ते. आधी दर घरात एक असायची. आता नव्या पोरींचं कुणी जास्त ठेवत न्हाई, आजीबाईचं नाव म्हणतेत. लाडानं ल्युदा म्हणतेत, न्हाईतर मिला. लई जुनं हाय, हजारएक वर्साचं."

"अर्थ काय गं त्याचा?"

"ल्युद म्हंजे लोक. मिला म्हंजे लाडकी. लोकांची लाडकी!"

फोन बंद झाला तरी ती तो तसाच कानाशी धरून बसली. लाडकी? मेंढरामागं फिरणाऱ्या माणसाला रशियाचा अर्थ कुठला ठाऊक असायला! कुठंतरी कानावर पडलं असेल, दिलं ठेवून.

"आई, आबाला ठाऊक होता का गं माझ्या नावाचा अर्थ?"

सुंदरबाईला एरवी तीनदा ओरडून सांगावं लागतं. हे मात्र तिनं बरोबर ऐकलं.

"असायचा न्हाई? तुझी आजी म्हणली, हिचं नाव दगडी ठेवा. तर हा उठला आन चालत अंबाजोगाईला गेला, पार्टीच्या मास्तराकडं. म्हणला, मास्तर, नकुसाच्या उलट नाव सांगा. वापस येताना वाटभर घोकत आला, इसरू नाही म्हणून."

ल्युडमिलाच्या डोळ्याला धारच लागली. बावन्न वर्षं! आणि मग असा संताप आला की बस.

"आन तू तोंड शिवून बसलीस? मी रडायचे ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत हुतं की." आईनं हातातली पाकळी ताटलीत टाकली. "तुला लाडकी म्हणलं असतं, तर नकुसाला काय सांगायचं हुतं मी? एका ताटात जेवायच्या तुमी दोघी. तिचं नाव नकुसा ठिवलं तवा मी गप बसलो, असं म्हणून रडला हुता तुझा आबा. अर्थ कुणाला सांगू नको म्हणून त्यानंच आण घातली मला. नकुसा म्हणून हाक कदी मारली का त्यानं? बाय म्हणायचा."

तेवढ्यात नकुसा आली. डोक्यावर पिठाचा डबा, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"काय झालं गं? रडतीस कावून?"

"ऋतुजाचा फोन आलता. माझ्या नावाचा अर्थ सांगत हुती."

"अगं बया! हाय का त्याला अर्थ?" नकुसानं डबा खाली ठेवला. "सांग की, काय हाय?"

जन्मभर हाच अर्थ मिळावा म्हणून ल्युडमिला झुरली होती, आणि मिळाला तर पहिल्यांदा सांगायचा तो नकुसालाच, असंही मनात होतं. आई लसूण सोलायची थांबली.

"बहीण," ल्युडमिला म्हणाली. "तिकडं बहिणीला म्हणतेत."

"एवढंच?" नकुसा पदरानं तोंड पुसत हसली. "मंग बदलू नको बाई. माझ्यामुळंच पडलंय की ते."