डोंगलची डबी

लातूरच्या आमच्या रक्तपेढीत कम्प्युटरचं काम बघायला ताई आल्या, तेव्हा मी मनात म्हटलं, आलं आणखी एक डोकं खाणारं. मुखेडकडच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण सगळेच त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही. आल्या आल्या त्यांनी माझं डोंगलच काढून घेतलं.

डोंगल म्हणजे बोटभर किल्ली. ती लावल्याशिवाय आमचं सॉफ्टवेअर उघडत नसे, आणि कोणती पिशवी कोणाला जुळलीय ते सगळं त्या सॉफ्टवेअरात. ते चालायचं आभासी मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हर नावाच्या मोठ्या कम्प्युटरच्या पोटात चालणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या कम्प्युटरात. सर्व्हर होते दोन. एक सर्व्हर पडला की तेच मशीन दुसऱ्या सर्व्हरवर उठून बसणार, अशी सोय. पण किल्ली पडलेल्याच्याच पाठीत खुपसलेली! मग उठून करतंय काय, कपाळ? ताईंनी ती नेटवर्कच्या एका छोट्या डबीत लावली. जो सर्व्हर जिवंत, त्याला डबी किल्ली देणार.

"दोघांनाही देऊन ठेवा की," मी शहाणपणा केला.

"न्हाई मामा. आधी पहिल्याकडून सोडवायची, मगच दुसऱ्याला द्यायची. दोघांनी वढली की दोघंबी अडकतेत."

महिनाभर त्या रोज दुपारी एक सर्व्हर मुद्दाम बंद करून बघत. "चालत्या गाडीला खीळ कशाला घालायलात?" मी कुरकुरायचो. त्या हसायच्या आणि परत बंद करायच्या.

मग खंडेनवमी आली. आम्ही उदगीरचे, शिवभक्त. हत्यारांची पूजा विभूतीशिवाय होत नाही. ताई बौद्ध घरातल्या, पूजेत नसायच्या, पण आडव्याही यायच्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मामा, फुलं वाहा, पाणी तेवढं शिंपडू नका." हाव म्हटलं. पण हाताची सवय! फ्रीजला विभूतीची तीन बोटं ओढली, चालू सर्व्हरला ओढली, आणि विड्याच्या पानानं पाणी थेट जाळीतून आत. चर्र झालं. सर्व्हरचा दिवा गेला.

नेमकी त्याच वेळी खिडकीशी जळकोटची एक बाई वरच्या वॉर्डातून चिठ्ठी घेऊन आली. सुनेचं बाळंतपण झालेलं, रक्त थांबत नव्हतं. "लवकर द्या हो, लई रक्त चाललंय," एवढंच म्हणत होती. सुनेसाठी सकाळीच जुळवून ठेवलेली पिशवी कोणती, ते बंद सॉफ्टवेअरात. हातानं पुन्हा जुळवायचं तर अर्धा तास, आणि सुनेकडं तेवढा वेळ नव्हता. अरे देवा, काय करून बसलो मी!

ताई जागच्या उठल्यासुद्धा नाहीत. पडद्याकडं बघत राहिल्या. पडलेल्याकडून किल्ली सुटली, दुसऱ्यानं धरली. दोन-तीन मिनिटांत माझ्यासमोर सुनेचं नाव आणि पिशवीचा नंबर. काय बाई ही! पिशवी छातीशी धरून सासू पळाली.

रक्तपेढीचे साहेब धावत आले. "कशानं पडला सर्व्हर?"

तांब्या अजून माझ्या हातात होता. ताईंनी माझ्याकडं बघितलंही नाही. "एक कधी ना कधी पडणारच, साहेब. म्हणून तर दोन ठेवलेत."

दुपारनंतर वॉर्डातून निरोप आला, सून शुद्धीवर आली, बाळाला जवळ घेतलं. मी ताईंच्या टेबलाशी उभा राहून चक्क रडलो. मग सरळ साहेबांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, पाणी मी शिंपडलं होतं, आणि ताईंनी मला आधीच बजावलं होतं.