मास्तरांनी पाठवलेली तार

आमच्या गावच्या जत्रेतलं ते नाटक लोकांना अजून आठवतं. परवा नातवाच्या साखरपुड्यात एक म्हातारा मला म्हणाला, “वैनी, त्या शिंप्याच्या बांगड्या आठवत्यात का? काय हसलो हुतो गड्या!” मी म्हटलं, “मी न्हवते हसले.” त्याला कमी ऐकू येतं. आलं असतं तरी काही फरक पडला नसता.

म्हणून एकदा लिहून ठेवते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात हे मावेल.

शिराळ्याच्या अलीकडे आमचं गाव. माझा धाकटा दीर पलटणीत होता. एकाहत्तरची लढाई संपली, बाकीचे आले, तो आला नाही. कागद आला की ठावठिकाणा लागत नाही. मेला असं त्यात कुठेही नव्हतं. घरात वाचता येणारी बाई मी एकटी, तो कागद मी इतक्या वेळा वाचला की घडीवर फाटला. त्याची बायको, माझी धाकटी जाऊ, तेव्हा विशीतली होती. मूलबाळ नव्हतं. ती कपाळाला कुंकू लावून आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घालून वाट बघत राहिली. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही.

माझे मालक कराडला गेले की एक साप्ताहिक आणायचे. त्यात शेवटच्या पानावर चित्रांची गोष्ट असायची, एका पानात आठ चौकटी. गावाकडचा एक जवान लढाईत हरवतो आणि घरी त्याची बायको वाट बघते, अशी ती गोष्ट होती. देशात अशी घरं काही कमी नव्हती, कुणालाही सुचली असती. दुपारी भाकरी झाली की मी जाऊला ती वाचून दाखवायची. वाचून झालं की तिचा एकच प्रश्न.

“आला का वं?”

“न्हाई अजून. खाली क्रमशः लिवलंय.”

“म्हंजी?”

“म्हंजी गोष्ट संपल्याली न्हाई.”

“मग बरं हाय,” म्हणायची आणि उठून शेणाला हात घालायची.

अंक मी ओळीने लावून सुतळीने बांधून ठेवायची. ते गठुळं गावच्या नाटकमंडळाच्या मास्तरांनी मागून नेलं. शाळा सुटली की मास्तर नाटकं लिहायचे आणि बसवायचे. जत्रेला या गोष्टीचं नाटक करायचं ठरलं. जवानाचं काम माझ्या मालकांना दिलं, कारण उभे राहिले की ते हुबेहूब भावासारखे दिसत. जवानाच्या बायकोचं काम गावच्या शिंप्याला. बाई म्हणून तो नेसायचा ते हिरवं लुगडं माझं.

जत्रा जवळ आली तरी साप्ताहिकातली गोष्ट काही संपेना. एक दिवस मास्तर आमच्या सोप्यात चहा पीत म्हणाले, “शेवट मी लिवला. तार येती, जवान पडला म्हणून. बायको खांबावर हात आपटून बांगड्या फोडती. पडदा.”

मी आतून म्हटलं, “मास्तर, गोष्टीत तार आल्याली न्हाई.”

“वैनी, छापणाऱ्याला घाई न्हाई. मला जत्रंला पडदा पाडायचाय. अर्ध्यावर पाडला तर लोक धोंडं मारत्याल.”

“मग परत आणा की त्याला.”

“परत आणल्यावर रडंल कोण?”

माझे मालक हसले. ज्याची तार येणार तो त्यांचा पाठचा भाऊ असू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं की आलेलं असूनही हसले, ते मी पन्नास वर्षांत विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

नाटक झालं. शिंप्याने काम चांगलं केलं, ते मान्य करते. तार वाचल्यावर त्याने दोन्ही हात खांबावर असे आपटले की काचा पुढच्या पोरांच्या मांडीवर उडाल्या. बायकांनी पदर तोंडाला लावले. आणि मग एकेक मुंडकं मागे वळलं. जाऊ माझ्या शेजारी बसली होती. सगळ्या बायका तिच्या हातांकडे बघत होत्या. तिने हात पदराखाली घेतले.

पुढच्या लग्नसराईत तिची ओटी कुणी भरली नाही. आमंत्रण यायचं, पण तिच्यापाशी आलं की कुंकवाचा करंडा पुढे जायचा. ज्यांनी दोन वर्षं तिची ओटी भरली होती, त्याच बाया. कागद तोच होता. नवीन कागद आला नव्हता. आली होती ती फक्त मास्तरांची तार.

सासूबाई एक दिवस म्हणाल्या, “समद्या गावानं बघितलं. आता किती दिस लोकास्नी बोलायला लावायचं?” मी म्हटलं, “आत्या, ते नाटक हुतं.” त्या म्हणाल्या, “माझा ल्योक हुता. मला कळतं.” त्यांनाही रोज तिच्या बांगड्यांचा आवाज सहन होत नव्हता, हे मला माहीत होतं. पण म्हणून त्यांनी केलं ते बरोबर ठरत नाही.

भावकीतल्या तिघी म्हाताऱ्या आल्या. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. त्या दिवशी मात्र कुणी वाढली म्हटलं नाही. जाऊ हात देईना. सासूबाई मला म्हणाल्या, “धर तिला.” मी धरलं. डावं मनगट मी धरलं होतं, मागच्या दाराच्या पायरीवर. दगड म्हातारीच्या हातात होता, पण मनगट माझ्या हातात होतं. एक काच आत गेली आणि तिथे वण राहिला.

त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग एका दुपारी आपणच येऊन बसली आणि म्हणाली, “वाचा.” मी वाचत राहिले. गोष्टीत बाई वाट बघतच होती.

दिवाळी झाली आणि एका अंकात तो जवान आला. काठी टेकत, एक पाय ओढत, पण आला. शेवटच्या चौकटीत तो उंबऱ्यात उभा आणि बायको चुलीपाशी मागे वळलेली. मी अंक आधी एकटीने वाचला. लपवावा का, असा विचार केला. मग वाचून दाखवला.

जाऊने अंक माझ्या हातातून घेतला. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्राला अक्षर लागत नाही. बाईच्या हातावर तिने बोट ठेवलं आणि मोजलं.

“सात हायत,” म्हणाली. “हिच्या कुणी फोडल्याच न्हाईत.”

गावात बातमी झाली की गोष्टीतला जवान जिवंत आहे. लोकांनी मास्तरांना धरलं, दुसरा भाग करा. मास्तर खूश. मेलेल्याला उठवायचं कसं, याची त्यांना काही अडचण वाटली नाही. “तार दुसऱ्याच्या नावाची हुती, असं एक वाक्य टाकतो,” म्हणाले. एक वाक्य टाकलं की झालं.

तालमीला लुगडं द्यायला मी शाळेत गेले, तर शिंपी पहिल्याच प्रवेशात दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून उभा. नवरा अजून आलेला नाही, तार चुकीची होती हे बाईला अजून कळलेलं नाही. मास्तरांनी अंकातलं चित्र समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं होतं.

मी म्हटलं, “मास्तर, गेल्या साली तुमीच फोडल्यात की हिच्या. खांबावर.”

मास्तरांनी चित्राकडे बघितलं, शिंप्याकडे बघितलं. म्हणाले, “आवं वैनी, वरीसभर कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?”

मी लुगडं तिथेच टाकलं आणि घरी आले. घरी जाऊ भांडी घासत होती. उघड्या हातांनी.

जत्रेत पडदा वर गेला. पुरुषांच्या बाजूला काही नाही. बायकांच्या बाजूला पहिल्या वाक्यालाच कुजबूज झाली. बायका आधी हातच बघतात. आणि एका म्हातारीने मोठ्याने विचारलं, “आगं बया, हिनं बांगड्या कवा भरल्या गं?”

शिंपी थांबला. मास्तर पडद्याआडून काहीतरी सांगत होते, पण त्याला ऐकू जाईना. त्याने म्हातारीकडे बघून दोन्ही हात वर केले, बांगड्या वाजवल्या आणि म्हणाला, “भरल्या माझ्या मनानं! तुला इचारून भरू व्हय?”

सगळी जत्रा हसली. शिट्ट्या झाल्या. त्या म्हाताऱ्याला आठवतं ते हेच.

म्हाताऱ्याला हे आठवत नाही की त्या हसण्यात माझी जाऊ उठून उभी राहिली. मला वाटलं, रडत घरी जाईल. ती उभ्यानेच शिंप्याच्या हातांकडे बघत राहिली. मग परत खाली बसली आणि नाटक शेवटपर्यंत बघितलं. माझे मालक काठी टेकत उंबऱ्यात आले, टाळ्या घेतल्या, तेही बघितलं.

सकाळी मला म्हणाली, “जाऊबाई, चला माझ्यासंगं.” कुठे ते सांगितलं नाही. जत्रेतल्या कासाराच्या पालापुढे जाऊन बसली आणि हात पुढे केला. कासार परगावचा होता, त्याने रिकामा हात बघितला, मग कपाळ बघितलं. कपाळही रिकामं होतं. तो माझ्याकडे बघायला लागला.

“तिच्याकडं काय बघताय? हात माझा हाय.”

“कुणी सांगितलंय व्हय, बाई?”

“माझ्या मनानं.”

“किती भरू?”

“सात. चित्रात सात हायत.”

कासाराला काही कळलं नाही, पण त्याने भरल्या. “दुसऱ्या हाताला?”

“चित्रात तो हात पदराखाली हाय, दिसत न्हाई,” ती म्हणाली. “तितं बी सातच भरा.”

डाव्या हाताला चौथी बांगडी वणाशी अडली. कासार म्हणाला, “जरा धरा की हो हिचं मनगट.” मी हात पुढे केला. जाऊने बघितलं आणि म्हणाली, “नगं. तुमी नगा धरू.”

तिने स्वतःच मूठ आवळली, आणि बांगडी गेली.

घरी सासूबाई बोलायच्या तेवढं बोलल्या. भावकीने तिला पाणी द्यायचं बंद केलं, मग कंटाळून सुरू केलं. दीर आला नाही. एक वाक्य टाकून तो येणार नव्हता, आणि हे तिला आमच्या सगळ्यांहून जास्त माहीत होतं. दर जत्रेला ती कासाराकडे जायची आणि सात-सात भरून यायची. मी सोबत जायची. मनगट मात्र तिने मला पुन्हा कधी धरू दिलं नाही.