सोमवारचा नोकर

लोक त्याला शेठ म्हणायला लागले ते त्याने स्वतःचं सलून उघडल्यापासून. त्याआधी तो नुसता मास्तर होता. बाजाराच्या पलीकडे काकांचं जुनं सलून आहे, तिथे त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. हात असा सुरेख की दुसरी खुर्ची रिकामी दिसत असली तरी गिऱ्हाईक बाकावर बसून राहायचं. म्हणायचं, "मास्तर मोकळे होईपर्यंत थांबतो मी." काकांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. दाराजवळच्या खुर्चीवर ते स्वतः केस कापत, शेवटच्या खुर्चीवर मास्तर. संध्याकाळी गल्ला काकाच उचलायचे आणि झाडूही काकाच मारायचे. मास्तरचा पगार एक तारखेला हातात पडायचा, एकदाही चुकला नाही.

पण सुखाचा जीव दुःखात घालायची माणसाला भारी हौस. मास्तरच्या डोक्यात किडा शिरला. "नोकरी करून कुणी बंगला बांधलाय का? हात माझे, गिऱ्हाईक माझं आणि गल्ला काकांचा! नोकर म्हातारा होतो हो, मोठा होतो तो मालक!" हे तो गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा टेकवून बोलायचा, त्यामुळे त्याच्याशी कुणी वाद घालत नसे. कुणी वाद घालत नाही म्हणजे आपलं खरंच आहे, अशी त्याची खात्री झाली.

मग होतं नव्हतं ते घालून त्याने बाजाराच्या अलीकडे दुकान घेतलं. भिंतभर आरसे, गरगर फिरणाऱ्या तीन खुर्च्या, दारावर त्याच्या नावाची पाटी. दोन कारागीर पगारावर ठेवले. आणि स्वतः काय केलं? इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गल्ल्यावर बसला! मालकाने कात्री धरली की तो मालक राहत नाही, असा त्याचा सिद्धान्त. आता हा सिद्धान्त त्याला कुणी शिकवला, देव जाणे. ज्या एकमेव मालकाला त्याने जवळून पाहिलं होतं, त्या काकांच्या हातातली कात्री जन्मात खाली पडली नव्हती.

जुनी गिऱ्हाइकं हौसेने आली. अहो, ती त्याच्या हातासाठी आली होती! शेठने "या, बसा" म्हणून त्यांना कारागिरांच्या खुर्च्या दाखवल्या. कारागीर बरे होते, पण नुसतेच बरे. माणसं एकदा आली, भिडेखातर दोनदा आली, मग काकांच्या बाकावर परत गेली. इकडे दुकानाचं भाडं, विजेचं बिल, दोघांचे पगार मात्र ठरल्या तारखेला दारात उभे. तिसरी खुर्ची तर भरभराटीच्या दिवसांसाठी राखून ठेवलेली, तिच्यावर शेठ पेपर वाचायचा.

शेवटी उपाय सापडला तोही असा की कुणाला सांगायची सोय नाही. बाजाराच्या अलीकडची सलूनं सोमवारी बंद असतात, पलीकडची मंगळवारी. शेठ एका सोमवारी गल्लीबोळांतून, मान खाली घालून काकांकडे गेला. काकांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "ये की. शेवटची खुर्ची आहेच." बस, एवढंच. दोन शब्द टोमण्याचे बोलले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून दर सोमवारी शेठ घरी सांगायचा, "माल आणायला चाललोय," आणि काकांकडे दिवसभर उभा राहून कापायचा. मास्तर सोमवारी असतात ही बातमी गिऱ्हाइकांत पसरली आणि बाकावर जागा मिळेना. काका त्या दिवसाचा मेहनताना सढळ हाताने द्यायचे. तेच पैसे शेठ आपल्या कारागिरांच्या हातावर ठेवायचा, वर ऐकवायचा, "मालकाला चार जणांची पोटं बघावी लागतात, बाबांनो!" थोडक्यात काय, सहा दिवसांच्या शेठला एका दिवसाचा नोकर पोसत होता.

बायको एकदा त्याच्या कॉलरवरचे केस झटकत म्हणाली, "माल आणायला जाता की मेंढ्या कातरायला?" शेठ हसला. हसण्यावारी नेणं त्याला चांगलं जमायचं.

जमलं नाही ते मेहुण्याच्या बाबतीत. बायकोचा हा धाकटा भाऊ पाणीपट्टीच्या कचेरीत कारकून. साधा, सरळ, कुणी काही सांगितलं की खरं मानणारा. तो घरी आला की शेठच्या अंगात यायचं. "अरे, किती दिवस दुसऱ्याच्या खुर्चीत बसणार? पगार म्हणजे मालकाने उष्टावून दिलेला पैसा! माझ्याकडे बघ." मेहुणा बघायचा. इतके दिवस बघत होता की एका रविवारी येऊन म्हणाला, "दाजी, ठरलं. उद्या राजीनामा देतो. फंडाचे सगळे पैसे घालू आणि तुमची दुसरी शाखा काढू. गल्ल्यावर मी बसेन."

शेठच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं खरं, पण हा पठ्ठ्या तिथून उडी मारायला निघाला होता! तो गेल्यावर बायको समोर येऊन बसली. या खेपेला थट्टा नव्हती. "त्याच्या पदरात दोन लेकरं आहेत, आई त्याच्याकडे आहे. तुम्ही सांगता ते सगळं खरं आहे ना?"

"म्हणजे काय!" शेठ म्हणाला. जीभ हलली तीही भलत्याच बाजूला. रात्रभर त्याला स्वतःचीच लाज वाटत राहिली आणि सकाळी तो माल आणायला निघून गेला.

दुपारी काकांकडे बाहेर थांबलेलं एक गिऱ्हाईक पाळी आल्यावर शेवटच्या खुर्चीवर येऊन बसलं. शेठने पाठीमागून कापड झटकून गळ्याभोवती बांधलं, वर आरशात पाहिलं. आरशात मेहुणा.

मेहुण्यानेही पाहिलं. त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला. "दाजी! हेही दुकान घेतलंत? आणि बोलला नाहीत! मी आपला साहेबांकडे जायच्या आधी केस नीट करावेत म्हणून पहिल्यांदाच इकडे आलो, तुमचं तर आज बंद. वा! म्हणजे दुसरी शाखा ही झाली, आपली तिसरी!"

त्याच वेळी काका खुर्चीखालचे केस झाडत होते. "जरा पाय वर घ्या," ते म्हणाले. मेहुण्याने पाय वर घेतले आणि हळूच पुटपुटला, "या वयातही कामाला चोख आहे हो तुमचा माणूस."

काकांनी ऐकलं. शेठकडे एकदा पाहिलं आणि झाडत पुढे गेले. म्हणजे लाज राखायची की सोडायची, ते शेठवरच आलं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. पण मेहुण्याच्या खिशातून राजीनाम्याच्या पाकिटाचं टोक डोकावत होतं.

"मी इथे नोकर आहे," शेठ म्हणाला. "दर सोमवारी येतो. माझं दुकान चालत नाही."

मेहुणा खो खो हसला. "काय तुमचा विनय, दाजी!"

घ्या! जन्मात एकदा खरं बोललं आणि तेही वाया. शेठने केस कापले. इतके मन लावून कापले की बाकावरच्यांनी माना वर केल्या. मेहुण्याने उठून कौतुकाने पैसे पुढे केले. शेठने ते घेतले, दाराजवळ गेला आणि झाडूवाल्या माणसाच्या हातात दिले. काकांनी ते आपल्या गल्ल्यात टाकले, ड्रॉवर लावला आणि मागे न बघता म्हणाले, "पुढचं गिऱ्हाईक घे रे."

त्या 'घे रे'ला मेहुण्याचं हसू मावळलं. चौदा साहेबांच्या हाताखाली काम केलेला माणूस तो, असा आवाज त्याला बरोबर कळायचा. त्याने विचारलं, "मग तुमच्या दुकानात तुम्हीच का नाही कापत, दाजी?"

शेठ आपला सिद्धान्त सांगायला निघाला, पण समोर काका झाडू कोपऱ्यात ठेवून कात्री उचलत होते. मेहुणा पाकीट खिशात खोल सरकवून निघून गेला. रागावला की कसं, काही कळलं नाही.

त्या संध्याकाळी शेठने बायकोला सगळं सांगितलं. ती चिडली, रडली, मग म्हणाली, "मेंढ्यांपर्यंत तर मी पोचलेच होते." दुसऱ्या दिवशी शेठने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, तिसऱ्या खुर्चीवरचा पेपर उचलला आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "या, बसा. मी कापतो."

नवीन वस्तीतलं गिऱ्हाईक ते, त्याने शेठला गल्ल्याबाहेर कधी पाहिलेलंच नव्हतं. ते घाबरून मागे सरलं आणि बाकावर टेकलं. "तुम्ही कशाला, शेठ? राहू द्या. कारागीर मोकळा होईपर्यंत थांबतो मी."

शेठ हातात कंगवा घेऊन तसाच उभा. तेवढ्यात दारातून मेहुणा आत आला, कुणाकडे न बघता तिसऱ्या खुर्चीत बसला आणि कापड स्वतःच गळ्याभोवती ओढून घेतलं. कालच कापलेलं डोकं, त्यावर कापायला होतं काय!

"अरे, ऑफिस?" शेठने कसंबसं विचारलं.

"अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय, भरपगारी," मेहुणा बाकावरच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "कापा सावकाश, मास्तर. माझा पगार चालू आहे."