तांडेल आणि छापील जाकिटं

आपण कुठे चाललो आहोत हे रोज सकाळी नेमकं सांगू शकणारा माणूस आमच्या कंपनीत एकच होता, आणि त्याची शाळा सातवीतच सुटली होती. कामगारांना खाडीपलीकडे नेणाऱ्या लाँचचे ते तांडेल. दोर सोडण्याआधी मोठ्याने सांगायचे, "पलीकडं धक्क्याला चाललो. इंजिनावर गणपत, सुकानूवर मी. ओहोटी लागायच्या आत माघारी." एवढं सगळ्यांनी ऐकल्याशिवाय लाँच हलायची नाही.

कोळंबी गोठवून परदेशी पाठवणाऱ्या त्या कंपनीत मी जनसंपर्क अधिकारी होतो. कंपनीचं ध्येय आणि दूरदृष्टी लिहायला आम्ही सात शहाणे अलिबागच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस बसलो. 'जागतिक' आधी की 'शाश्वत' आधी यात एक अख्खी सकाळ गेली. भरपूर सुरमई खाऊन आम्ही परतलो ते 'शाश्वत मूल्यनिर्मितीतून जागतिक उत्कृष्टतेकडे' एवढं घेऊन. त्यात कोळंबी औषधालाही नव्हती. तेच वाक्य बँकेला चाललं असतं आणि स्मशानालाही.

तांडेलांना मी ते मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे जायाचं कुठं?"

"तो एक प्रवास आहे, तांडेल."

"व्हय, पन धक्का कंचा?"

तुम्हाला नाही कळायचं, असं मी म्हणालो. मलाही कळलेलं नव्हतं.

खाली आणखी एक ओळ होती, 'सुरक्षितता हा आमचा श्वास'. ती माझी. लाँचवरच्या जीवरक्षक जाकिटांच्या पाठीवर ती छापावी, ही अक्कलही माझीच. साहेब खूश झाले आणि झाडून सगळी जाकिटं छपाईला मुंबईला गेली. आठवडाभर लाँचवर एकही जाकीट राहणार नाही, हे आम्हा दूरदृष्टीवाल्यांपैकी कुणालाही दिसलं नाही.

दुसऱ्या सकाळी तांडेलांनी दोर सोडलाच नाही. धक्क्यावर चाळीस माणसं खोळंबली होती. साहेबांचा फोन आला तेव्हा तांडेल शांतपणे म्हणाले, "जाकिटं येतील तवा लाँच सुटंल. पान्यात मानसं माजी हायत." कामगार खाडीला वळसा घालून दोन तास उशिरा पोचले. संध्याकाळच्या बैठकीत साहेबांनी निदान केलं, "हा माणूस आपल्या व्हिजनशी जोडलेला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. जाकिटं माझ्यामुळे गेली, एवढंच मला सांगायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. तांडेलांची नोकरी गेली. ते पत्रही मीच लिहिलं आणि शेवटी 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' लिहायलाही विसरलो नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

यथावकाश मीही ती कंपनी सोडली. गेल्या वर्षी एका जेट्टीवर होडीत चढलो, तर समोर तांडेल. होडी त्यांची स्वतःची होती. मी घाईघाईने सुरुवात केली, "तांडेल, ती जाकिटं छापायची कल्पना..."

"तुमची व्हती. म्हाईत हाय," ते म्हणाले आणि एक जाकीट माझ्या हातात दिलं. "हे घाला आदी."

जाकीट जुनं, उन्हाने विटलेलं होतं. पाठ कोरी. मला त्याचा पट्टा लागेना, तेव्हा त्यांनीच खाली वाकून तो नीट आवळला आणि ओढून पाहिला. मग सुकाणूजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पलीकडं धक्क्याला चाललो. सुकानूवर मी."