एकदाच चालणारा आकडा

कोरियातल्या आमच्या मोकपोच्या बाजारात माझं सुक्या मासळीचं दुकान, आणि शेजारी मालसुनताईंचं तोंडीलावण्यांचं. सत्तरी उलटली तरी बाईंचा आवाज खणखणीत. दर गुरुवारी दुपारी बाजाराच्या माडीवर त्या आम्हा म्हाताऱ्यांना फोन सांभाळून कसा वापरायचा ते शिकवतात. आधी एक शिकलेला मास्तर यायचा, पण त्याचं बोलणं आमच्या डोक्यावरून जायचं.

"सगळीकडे एकच पासवर्ड?" त्या मला म्हणाल्या. "अगं, एकाच किल्लीनं घर, दुकान नि तिजोरी उघडली तर चोराला माहेरच की!"

दुहेरी पडताळणी म्हणजे कडी लावून वर अडसर. 'आई, माझा फोन बिघडलाय, या नंबरवर ओळखपत्राचा फोटो पाठव' असा निरोप आला, तर ते फिशिंग. आधी लेकीच्या जुन्या नंबरवर फोन करून बघायचं. "गळ दिसला की आ वासायला तुम्ही काय मासे आहात?" टॉर्चच्या ॲपनं फोनमधले नंबर बघायची परवानगी मागितली, तर सरळ नाही म्हणायचं. "उजेड पाडायला त्याला तुझी नणंद कशाला लागते?"

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! ताईंची लेक छोरोंग ग्वांगजूला एकटी राहते. दाराला आकड्यांचं कुलूप, आणि तो आकडा आईला पाठ. लेक कामावर असताना घरात शिरून तिचा फ्रिज भरून यायचं, ही आमच्याकडच्या आयांची जुनी खोड. वसंतात ताई अशाच गेल्या, तर टेबलावर लग्नाच्या हॉलचं पत्रक! झालं. काढला फोटो आणि टाकला नातेवाइकांच्या ग्रुपवर. त्रेचाळीस जणांनी अभिनंदन केलं. मुलाच्या घरी तर अजून कुणाला पत्ताच नव्हता.

पुढच्या खेपेला आकडा लागेना. कुलूप नुसतं टीं टीं करत राहिलं. ताई सहा भरले डबे घेऊन बसनं परत आल्या.

"पोटच्या पोरीनं मला दाराबाहेर ठेवलं!"

तीन आठवडे मायलेकींचा अबोला. एकुलती एक पोर, आपल्याला लग्नाला तरी बोलावते की नाही, या धास्तीनं बाई निम्मी झाली. मुळ्याच्या किमचीत मीठ दोनदा पडायला लागलं. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

त्या गुरुवारी विषय होता खासगी माहिती. ताई सांगत होत्या, "आपलं काय, कुणाला, कधी दाखवायचं, ते आपण ठरवायचं. घरच्यानं न विचारता दाखवलं तरी ती माहितीची चोरीच."

माझ्या जिभेला हाड नाही. "मग ताई, ते हॉलचं पत्रक कुणाचं होतं हो?"

ताई लालबुंद झाल्या. आता खडू माझ्या कपाळात बसतो, असं वाटलं. पण त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"माझ्या पोरीचं," त्या म्हणाल्या. "फोडलं मी, आणि वर रुसले पण मीच."

तिथंच चष्मा चढवून एका बोटानं लिहिलं, मोठ्यानं वाचत वाचत: 'चुकलं माझं. दार तुझं आहे. डबे बाहेर ठेवून जाईन.'

पाचच मिनिटांत फोन वाजला. "आई," छोरोंगचा आवाज माडीभर घुमला, "स्पीकर बंद आहे ना?"

"करते, करते!" ताईंची तारांबळ उडाली. मग आम्हाला फक्त त्यांचंच ऐकू येत होतं. "रविवारी? येते की! आकडा पाठवतेस? काय? एकदाच चालणार? मग आपोआप रद्द? म्हणजे मी दर खेपेला तुला फोन करून मागायचा?" त्या थबकल्या. "दर खेपेला?" आणि बाईंचा चेहरा असा फुलला की माझेच डोळे भरून आले. "बरं बाई, करीन."

आता दर शनिवारी आकड्यासाठी फोन होतो. गेल्या शनिवारी लग्नाचा पोशाख, पाहुणे, होणाऱ्या सासूला तिखट सोसतं का, असं सव्वा तास चाललं. गिऱ्हाइकं मीच सांभाळली. फोन ठेवला आणि ताईंनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! आकडा मागायचाच राहिला!"