आवळीभोजन आणि कमलचा खोकला

जावई चुकत नसतो, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नगरला कळलं. तोवर मी पुण्यात कारकून होतो आणि घरी-कचेरीत रोज चुकत होतो.

कारण होतं मठ्ठा. लग्नाच्या पंगतीत तो माझ्याआधी माझ्या मामाला वाढला म्हणून मी पाटावरून उठलो होतो. (मठ्ठा चांगला झाला होता, असं मागाहून कळलं.) तेव्हापासून मी पुन्हा रुसू नये म्हणून सासरची माणसं डोळ्यांत तेल घालून होती.

दिवस लढाईचे, साखर रेशनवर, आणि दिवाळी उलटली तरी माझा मुक्काम हलेना. शेवटी सासूबाईंनी आवळीभोजन काढलं. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायचं, हा त्यांचा कधी न चुकलेला नेम. डोंगरातल्या ओढ्याच्या कडेने वर गेलं की आवळ्या होत्या.

पायथ्याशी टांगा सोडला. टांगेवाले चाचा म्हणाले, "लई गारठा हाय, सायब. उन्हं कलायच्या आत माघारी या."

डोंगर उघडाबोडका. मुरूम, निवडुंग, बोरी आणि मधून घोटाभर पाण्याचा ओढा. सासरे, म्हणजे अण्णा, सतरंजी घेऊन. सासूबाई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन. मेहुणी शालू तांब्या-पेले आणि लोणच्याची बरणी घेऊन. जावयाच्या हातात काठी, आणि जावई सगळ्यांच्या पुढे.

थोडं वर ओढ्याला फाटा फुटला. अण्णा थांबले. "जावईबापू, कुठून जाऊ या?"

(नगरात जन्म गेलेला माणूस हे मला विचारतोय, यात मला काही वावगं दिसलं नाही.)

"डावीकडून," मी म्हणालो.

मागे कमल खोकली. कमल म्हणजे माझी बायको. वडीलमाणसांसमोर नवऱ्याशी बोलायची तेव्हा पद्धत नव्हती. मी गळ्यातला मफलर काढून शालूच्या हाती तिच्याकडे पाठवला. सासूबाईंचे डोळे भरून आले.

पुढे बाभळीच्या काट्यांत अण्णांचं धोतर फाटलं.

"वाट जरा अरुंद आहे," मी म्हणालो.

"छे, छे, चांगली ऐसपैस आहे," अण्णा धोतर सोडवत म्हणाले.

कमल पुन्हा खोकली, जास्त जोरात. मी कोट पाठवला. मग एका भल्या थोरल्या दगडावरून सासूबाईंना आम्ही डब्यासकट वर ओढत होतो, तेव्हा ती अशी खोकली की बोरीतले होले उडाले. मी कानटोपी पाठवली. एव्हाना ऊन चढलं होतं. ती घामाने निथळत होती, आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिला मी प्रेम समजलो.

मग एक वळण आलं आणि वाट संपली.

तिन्ही बाजूंनी काळा कातळ, मान दुखेल इतका उंच. एका भेगेतून पाणी झिरपत होतं, आणि जिथवर ते पोचलं होतं तिथवर हिरवेगार नेचे उगवले होते. खाली डोह. वरून उन्हाची एक पट्टी त्यात उतरली होती, तिचा उजेड साऱ्या कातळावर हलत होता. बाहेर निवडुंगसुद्धा सुकलेला, आणि आत हे! मी काठी खाली ठेवली. अण्णांनी टोपी काढली.

"उभा जन्म गेला इथे," ते हळूच म्हणाले, "हे कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला कसं ठाऊक?"

"अंदाज होता," मी म्हणालो.

"अहो, कसला अंदाज?" ही कमल. आईवडिलांसमोर, कानटोपीतून. "आवळ्या उजवीकडच्या ओढ्याला आहेत. लहानपणापासून जातोय आम्ही. घसा फुटेस्तोवर खोकले मी!"

शालू फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर हात दाबला. अण्णांनी टोपी पुन्हा घातली. सासूबाईंनी डबा छातीशी धरला. सगळे माझ्याकडे बघत राहिले. आता हा रुसणार, आणि या खेपेला कारण मठ्ठ्यापेक्षा मोठं होतं.

खोटं कशाला बोलू, रुसायचं मनात आलंच. पण पुन्हा वर पाहिलं. एवढ्या कातळाखाली मी रुसून रुसणार किती? मला हसू फुटलं.

"आई, तुमचा नेम मात्र माझ्यामुळे मोडला," मी म्हणालो.

"मोडतो कशाने?" त्यांनी लोणच्याच्या बरणीतला आवळा काढून खडकावर मधोमध ठेवला. त्याच्याभोवती बसून आम्ही जेवलो. त्या दिवशीसारखी पुरणपोळी मी पुन्हा खाल्ली नाही.

तेव्हापासून कमल खोकली की मी मुकाट्याने दुसरीकडे वळतो. गेल्या हिवाळ्यात तिला खरोखरच खोकला झाला, आणि दवाखाना शेजारच्याच गल्लीत असून आम्हाला तिथे पोचायला दुपार झाली.