चासीखालची टकटक

बाळू, गाडी बाजूला लाव आणि माझ्या शेजारी बसल्यासारखं हे वाच. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. दिवाळीला आलास, चहा अर्धा टाकून पळालास. मामीकडं असं येतात का राव?

तुझे मामा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे, एवढं तुला ठाऊक आहे. पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं.

लेहच्या पुढं त्यांचं वर्कशॉप. तेव्हा ते नायक हुद्द्यावर. सकाळी सहाला हजेरी, साडेसहाला हातात पाना. एके दिवशी दुपारी चारच्या सुमारास ड्रायव्हर महादू ट्रक घेऊन आला. महादू आपल्या आणे गावचा, धनगराघरचा. ट्रकच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, जिथं धरतात, त्या हँगरपाशी वीतभर चीर.

चीर नुसती वेल्ड करून भागत नाही, बाळू. आधी तिच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं धावत नाही. खरं टोक डोळ्याला दिसत नाही. रॉकेल लावून पुसायचं, वर खडूची पूड मारायची, की ओली रेघ उमटते. हुकूम होता, पहाटे पाचला कॉन्व्हॉय, गाड्यांचा ताफा, निघणार. मामांनी डोळ्याला टोक दिसलं तिथं भोक पाडलं आणि वेल्ड मारलं. पूड मारली नाही.

सकाळी सात चाळीसला वर्कशॉपचा रेडिओ बोलला. वाटेवरनं महादू.

"भाऊ, खालनं टकटक येतीया. ओव्हर."

"थांब. माल उतरव. ओव्हर."

"हितं थांबाया जागा न्हाई. एवढं वळण झालं की थांबतो. ओव्हर."

ट्रक वळणाच्या खाली सापडला. महादूही.

पेन्शनीवर आल्यावर मामांनी मढला गॅरेज टाकलं. एका दुपारी घाटातलं धुकं अंगणात उतरलेलं. मेंढरांचा रिकामा टेम्पो उभा. इंजिन बंद, केबिनमध्ये कुणी नाही. खालून टक. टक.

मी म्हणाले, "उंदीर असंल."

"थांबाया जागा मागतोय," मामा म्हणाले आणि खडूच्या पुडीचा डबा घेऊन टेम्पोखाली सरकले.

रेघ जुन्या वेल्डच्या पुढं बोटभर उमटली. तिथं भोक पडलं आणि टकटक थांबली. मग चीर घासून वेल्ड केली, वर पट्टी मारली. मामा बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता मामाही नाहीत. दिवाळीला तू चहा पीत होतास, तुझी पिकअप अंगणात उभी होती, बंद. मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकत होते, तिच्या खालनं टक. टक. सांगेपर्यंत तू मासळी भरायला डिंभे धरणाच्या वाटेला लागलास.

पूड चाळून ठेवलीय. ड्रिल मामांनीच शिकवलं, धरताना माझा हात अजून हलत नाही. मासळी उतरव, गाडी रिकामी कर आणि हळू ये. एवढी खेप झाली की येतो, असं म्हणू नकोस. उद्याच ये.